कणकेला किती पाणी लागतं

रेवती पागनीसला घरातलं काम सांगितलं की ती कधी नाही म्हणत नसे. "हो, करते," म्हणायची, आणि ते काम तसंच शिळं होत पडायचं. शेवटी कुणाला तरी बघवायचं नाही आणि ते माणूस स्वतःच उठून करून टाकायचं. बहुतेक वेळा ते माणूस म्हणजे तिची आई मंजूषा. मंजूषा विमा कंपनीत नोकरीला होती. संध्याकाळी स्कूटर लावून, अशोका गार्डनमधल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचं दार उघडलं, की वाळलेले कपडे खुर्चीवर तसेच ढीग घालून पडलेले दिसायचे आणि शेजारी रेवती पुस्तक वाचत बसलेली. दहा वर्षांची मुलगी, अभ्यासात हुशार, बोलण्यात त्याहून हुशार. रागावलं तर शांतपणे ऐकून घ्यायची. त्यामुळे रागावण्यातही काही राम उरत नसे.

घरात आणखी दोन माणसं होती. रेवतीचे बाबा निनाद मंडीदीपच्या एका कारखान्यात इंजिनियर होते. सकाळी कंपनीची बस पकडायची, संध्याकाळी त्याच बसनं परत यायचं. आणि आजोबा नीळकंठराव, ज्यांना रेवती आबा म्हणायची. आबांनी सगळी नोकरी ग्वाल्हेरच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात घालवली होती. आजी गेल्यावर मुलानं आग्रह करून त्यांना भोपाळला आणलं. इथं त्यांना कशाची कमी नव्हती, पण दुपार फार मोठी वाटायची. पेपर वाचून संपला की ते गॅलरीत बसून रेल्वेलाइनवरून जाणाऱ्या गाड्या बघत.

हिवाळ्याच्या सुरुवातीला रेवतीच्या शाळेनं पालकांसाठी एक व्याख्यान ठेवलं. बोलायला कमलिनी मॅडम आल्या होत्या. मुलांच्या मानसशास्त्राचा अभ्यास केलेल्या, भोपाळच्या चार इमली भागातल्या एका बंगल्यात राहणाऱ्या, पन्नाशीच्या, कडक इस्त्रीची सुती साडी नेसलेल्या बाई. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मुलाला काम सांगू नका, त्या कामातलं कुतूहल दाखवा. घरातलं प्रत्येक काम म्हणजे एक धडा असतो. मूल शिकायला लागलं की काम झालेलं त्याला कळतही नाही. मंजूषानं हे ऐकलं आणि तिला एकदम वाटलं, आपलं इतके दिवस चुकलंच. आपण तिला नुसतं कामाला लावत होतो. येताना तिनं बाजारातून मोठी पिशवी भरून मटारच्या शेंगा घेतल्या.

रविवारी सकाळी तिनं ती पिशवी रेवतीच्या पुढ्यात ओतली, पण सोल म्हणाली नाही. लांब शेंगेत दाणे जास्त असतात की जाड शेंगेत, असं विचारलं. रेवती जरा चकित झाली. तिनं चार-दोन शेंगा उघडून बघितल्या. मग एक शेंग हातात तशीच उघडी धरून तिनं उलट विचारलं, की दाणे एकाच बाजूला का नाही चिकटलेले, एक इकडे आणि एक तिकडे असे का? मंजूषानं शेंगेत वाकून पाहिलं. खरंच तसं होतं. इतकी वर्षं मटार सोलले, पण हे काही तिच्या लक्षात आलं नव्हतं. तिनं गॅलरीतून आबांना बोलावलं.

आबा चष्मा पुसत आले आणि सतरंजीवर बसले. त्यांनी एक शेंग घेतली, अंगठ्यानं अलगद उघडली आणि सांगायला सुरुवात केली. शेंग म्हणजे मुळात एका पानाची दुमडून केलेली घडी. त्या घडीच्या दोन्ही काठांवर दाण्यांची नाळ असते, आणि काठ आळीपाळीनं दाणा धरतात. एका शेंगेत ते नीट दिसेना म्हणून दुसरी उघडली. मग किडकी शेंग आतून कशी दिसते ते दाखवण्यासाठी आणखी काही. मग दाणे भांड्यात टाकल्यावर आवाज का बदलत जातो ते. आबांचा आवाज हळूहळू वर्गातला झाला. बोटं तोंडाबरोबर चालत होती. रेवती गुडघ्याला मिठी मारून ऐकत होती, मध्येच एखादा प्रश्न विचारत होती. विचारायचं म्हणून नव्हे, तिला खरोखरच मजा वाटत होती.

आबा थांबले तेव्हा पिशवी रिकामी होती. भांडं दाण्यांनी भरलं होतं, आबांपुढे सालांचा ढीग होता, आणि रेवतीपुढे तिनं सुरुवातीला उघडलेल्या त्या चार-दोन शेंगा. तिनं भांड्याकडे पाहिलं, मग आबांच्या हिरव्या झालेल्या नखांकडे पाहिलं. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "झाले सुद्धा? बघ, शिकत शिकत केलं की कसं पटकन होतं."

 रेवतीला एक गोष्ट कळली होती, आणि ती मटारपेक्षा फार मोठी होती. जो समजावून सांगतो, त्याचे हात थांबत नाहीत.

पुढच्या आठवड्यात तिनं हे बाबांवर करून पाहिलं. आता आपला शाळेचा युनिफॉर्म तिनं स्वतः इस्त्री करावा, असं मंजूषानं ठरवलं होतं, अर्थात उष्णतेचा धडा म्हणून. रेवतीनं टेबलावर चादर पसरली, शर्ट ठेवला, इस्त्री लावली आणि बाबा चहा पीत होते तिथं जाऊन विचारलं, की पाणी शिंपडल्यावरच सुरकुत्या नीट का जातात? कोरड्या कपड्याला काय होतं? निनाद म्हणाला, सोपं आहे, सुताचे धागे एकमेकांना धरून बसलेले असतात, ओल आणि उष्णता लागली की ते हात सोडतात, आणि मग वरून दाब दिला की नव्या जागी बसतात. रेवतीनं भुवया जवळ आणल्या. तिला नीट कळलं नाही, असं तिचा चेहरा सांगत होता. "थांब, दाखवतो," निनाद म्हणाला आणि कप ठेवून उठला.

शर्ट झाला. मग कॉलर उलटीकडून आधी का करायची तो मुद्दा आला. मग स्कर्टच्या चुण्या, आणि चुण्यांवरून कारखान्यातल्या पॅकिंगच्या मशिनीत प्लॅस्टिक कसं दुमडतात ते. आठवड्याभराचे कपडे कडक होऊन हँगरला लागले. निनाद खूश होता. कारखान्यात तो रोज दहा माणसांना काही ना काही समजावून सांगायचा, पण इतकं लक्ष देऊन कुणी ऐकत नसे.

इथून रेवतीला सूर सापडला. खोटं बोलायचं नाही, हे तिचं एक तत्त्व होतं, आणि ते तिनं शेवटपर्यंत पाळलं. मी केलं, असं ती कधीच म्हणाली नाही. कुणी विचारलं तर "झालं" म्हणायची, आणि ते झालेलंच असायचं. तिनं आळसही केला, असं म्हणता येणार नाही. शाळेच्या बसमध्ये खिडकीशी बसून ती संध्याकाळच्या कामासाठी प्रश्न तयार करायची. प्रश्न सोपा असला तर मोठी माणसं बसल्या जागेवरून उत्तर देऊन मोकळी होतात. फार अवघड असला तर मोबाइलमध्ये बघ म्हणतात. प्रश्न असा पाहिजे, की उत्तर थोडं ठाऊक आहे पण हातानं दाखवल्याशिवाय सांगता येत नाही. असे प्रश्न शोधणं काही सोपं काम नाही.

कुंड्यांना पाणी घालायचं काम तिच्याकडे आलं. पाणी झाडाच्या शेंड्यापर्यंत वर कसं चढतं, असं तिनं आबांना विचारलं. आबांनी बाटलीत वात घालून पाणी वर चढताना दाखवलं, मग त्याच युक्तीनं प्रत्येक कुंडीला एकेक बाटली जोडून दिली, आणि बाटल्या भरायचं कामही आपल्याकडेच ठेवलं, कारण कुठली कुंडी किती पाणी पिते हे आता त्यांना बघायचं होतं. कपड्यांच्या घड्यांच्या बाबतीत तर मंजूषाच सापडली. एका चादरीची घडी जास्तीत जास्त किती वेळा घालता येईल, असं रेवतीनं विचारलं, आणि आईनं अर्धं, पाव, त्याचं अर्धं असं दाखवत दाखवत सगळं कपाट लावून टाकलं. कणीक मळायचा दिवस आला तेव्हाही तेच. मळून झाल्यावर कणीक झाकून का ठेवायची, ह्या प्रश्नाचं उत्तर मंजूषानं आदल्या दिवशी ऑफिसात बसून वाचून ठेवलं होतं. ते सांगताना परातीत हात तिचाच होता आणि तिला फार छान वाटत होतं.

मंजूषा ऑफिसात मैत्रिणींना सांगायची, की आमच्याकडे आता भांडणच नाही. सगळं वेळेवर होतं आणि पोरगी इतके प्रश्न विचारते, इतके प्रश्न विचारते! हे सगळं खरं होतं. फक्त आपल्याला अलीकडे संध्याकाळी जास्त दमल्यासारखं का होतं, हे काही तिला कळत नव्हतं.

तिनं कमलिनी मॅडमना एक लांबलचक मेसेज पाठवला. मॅडमना इतका आनंद झाला, की त्यांनी स्वतः फोन केला. शाळेत लवकरच पालकांचा मेळावा होता. त्यात रेवतीनं मंचावर येऊन एखादं घरकाम करून दाखवावं आणि करता करता काय काय शिकायला मिळालं ते सांगावं, असं त्यांनी सुचवलं. कणीक मळणं चांगलं. सगळ्यांच्या घरचं आणि सगळ्यांना दिसेल असं.

मंजूषानं हे जेवताना जाहीर केलं. आबांना ठसका लागला. त्यांनी पाणी प्यायलं आणि म्हणाले, की भाजी जरा तिखट झालीय. रेवती पोळीचा तुकडा हातात धरून विचार करत होती. कणकेविषयी तिला पुष्कळ माहिती होती. तिनं ती कधी मळली मात्र नव्हती.

मंजूषा म्हणाली, घरी एकदोनदा करून बघू या. रेवतीनं आठवण करून दिली, की शिकणं हे पाठ करून होत नसतं, असं मॅडमच म्हणाल्या होत्या, आणि आधीच सराव केला तर मग ते नाटक झालं. मंजूषाला ते पटलं. तिला लेकीचं कौतुकही वाटलं.

मेळाव्याच्या दिवशी शाळेचं सभागृह भरलं होतं. मंचावर एका टेबलावर परात, पिठाचा डबा, पाण्याचा तांब्या आणि तेलाची वाटी मांडून ठेवली होती. कमलिनी मॅडम त्या दिवशी रेशमी साडी नेसून आल्या होत्या. त्यांनी रेवतीची ओळख करून दिली, हिच्या घरानं काय साधलंय ते सांगितलं, आणि माइक तिच्या हातात दिला. मंजूषा पुढच्याच रांगेत होती. निनादनं सुट्टी घेतली होती. आबा त्याच्या शेजारी, स्वेटरवर जाकीट घालून, दोन्ही हात काठीवर ठेवून बसले होते.

रेवती घाबरली नव्हती. तिनं परातीत पीठ घेतलं, ते नीट सपाट केलं आणि मध्ये एक खड्डा केला. इथपर्यंत तिनं बघितलेलं होतं. मग ती थांबली आणि माइक तोंडाशी नेऊन मॅडमकडे वळली. हिंदीत, अगदी नम्रपणे तिनं विचारलं, की कणकेला पाणी किती लागतं, असं कुणालाही विचारलं तर सगळे म्हणतात, अंदाजानं घाल. तर हा अंदाज म्हणजे काय? तो हाताला कळतो की डोळ्याला?

सभागृहात हशा झाला. मॅडमही हसल्या. फार सुंदर प्रश्न आहे, असं त्या म्हणाल्या आणि पालकांकडे बघून उत्तर द्यायला लागल्या. अंदाज म्हणजे हातांची आठवण. पीठ जुनं असेल तर जास्त पाणी पितं, थंडीत कमी. डोळ्याला ते दिसत नाही, बोटांना कळतं. रेवतीनं भुवया जवळ आणल्या.

पुढच्या रांगेत निनाद जरासा पुढे झुकला. हा चेहरा त्याच्या ओळखीचा होता, पण कुठून ते त्याला आठवेना.

"बोटांना काय कळतं पण?" रेवतीनं विचारलं.

मॅडमनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, पदर खोचला आणि तांब्या उचलला. पाणी थोडं थोडं घालत, हे बघ, आता हे कोरडं आहे, आता हे धरायला लागलंय, असं त्या सांगू लागल्या. आवाज पोचावा म्हणून रेवतीनं माइक त्यांच्या तोंडापुढे धरला. काही वेळानं मॅडम सभागृहाला विसरल्या. सागर गावी त्यांच्या लहानपणी त्यांना आईनं चुलीपाशी बसवून कणीक कशी शिकवली, ते त्यांनी सांगितलं. मुठीनं दाबून, घडी घालून, पुन्हा दाबून त्या कणीक मळत होत्या, आणि खरोखर फार छान मळत होत्या. तिसऱ्या रांगेतले एक मिशाळ गृहस्थ उठून उभे राहिले आणि म्हणाले, की पाणी जास्त झालंय, घट्ट कणकेच्याच पोळ्या फुगतात. त्यांच्या बायकोनं शर्ट धरून खाली ओढायचा प्रयत्न केला, पण ते मंचावर पोचले. मॅडमना ते मान्य नव्हतं. त्यांनी परात जरा त्यांच्याकडे सरकवली आणि स्वतः हात लावून बघा म्हणाल्या. त्यांनी हात लावला.

लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. परातीभोवती दोन मोठी माणसं कोपरापर्यंत कणकेत होती आणि सैल की घट्ट यावर तावातावानं बोलत होती. रेवती एक पाऊल मागे सरकली होती. तिच्या एका हातात माइक होता, दुसरा हात पाठीमागे. कडक इस्त्रीच्या गणवेशावर पिठाचा कणसुद्धा नव्हता.

मंजूषानं ते पाहिलं. आधी तिला नुसतं हसू आलं. मग तिची नजर त्या गणवेशाच्या इस्त्रीवर गेली आणि तिथंच अडकली. तिला कपाटातल्या चादरी आठवल्या. मटार आठवले. कुंड्यांना लावलेल्या बाटल्या आठवल्या, ज्या आबा रोज सकाळी भरायचे. ती हळूच वळली आणि तिनं नवऱ्याकडे पाहिलं. निनादचं तोंड किंचित उघडं होतं. त्याला आठवलं होतं.

"ही इस्त्री तू केलीस?" मंजूषानं कुजबुजत विचारलं.

निनादनं मान हलवली. "मी समजावून सांगत होतो," तो म्हणाला.

आबांनी मात्र दोघांकडेही पाहिलं नाही. ते मंचाकडे बघत होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

मेळाव्यानंतर सगळ्यांनी रेवतीचं कौतुक केलं. सगळ्यांत जास्त मॅडमनी, हात पुसता पुसता. घरी येताना स्कूटरवर मंजूषानं सगळं लक्ष रस्त्यावर ठेवलं. मागे बसलेल्या रेवतीनं एकदोनदा विचारलं, की आई, कसं झालं? मंजूषा म्हणाली, फार छान झालं.

संध्याकाळी रेवती खाली खेळायला गेल्यावर तिघं मोठी माणसं बसली. मंजूषा चिडली होती, आणि त्याहून जास्त तिला लाज वाटत होती, कारण तिनं ऑफिसात फार फुशारकी मारली होती. निनादचं म्हणणं होतं, की सरळ बोलून टाकावं. आबा ऐकत होते. मंजूषानं त्यांना विचारलं, की बाबा, तुमच्या कधी लक्षात आलं?

"मटारच्याच दिवशी," आबा म्हणाले. "साल टाकताना बघितलं, तर माझ्याकडे डोंगर आणि तिच्याकडे चार शेंगा."

मग सांगितलं का नाही, असं तिनं विचारलं.  खालून एक गाडी धडधडत गेली, ती जाईपर्यंत थांबून आबा म्हणाले, "अगं, शाळा सुटल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं. तब्येत कशी आहे एवढंच विचारतात. ही पोर रोज एक नवा प्रश्न घेऊन यायची. त्याच्यापुढे मटार सोलणं म्हणजे काय मोठं!"

 मंजूषाचा राग गेला, पण खोड मोडल्याशिवाय राहायचं नाही, हे तिनं ठरवलंच. रागावण्याचा उपयोग नव्हता. तिनं दोघांना जवळ बोलावून आपला बेत सांगितला. उद्यापासून कुणालाही काहीही येत नाही. निनादला ते आवडलं. आबा म्हणाले, प्रयत्न करतो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मंजूषानं परात घेतली, रेवतीला हाक मारली आणि म्हणाली, की काल तू मंचावर जे विचारलंस ना, अंदाज म्हणजे काय, त्यावर मी रात्रभर विचार केला. मला वाटतं, मला ते कधी नीट कळलंच नव्हतं. मी आपली सवयीनं मळत होते. आता तूच मला शिकव.

रेवतीला हे फार आवडलं. कालच्या टाळ्या अजून कानात होत्या. तिनं सांगायला सुरुवात केली, की पीठ असं घ्यायचं, मध्ये खड्डा करायचा. मंजूषानं खड्डा केला, पण असा, की तळ दिसायला लागला. "असा नाही," रेवती म्हणाली. मंजूषानं पीठ पुन्हा सपाट केलं आणि परातीच्या काठाशी खड्डा केला. रेवतीनं परात आपल्याकडे ओढली. मग पाणी. मंजूषानं तांब्या उचलला आणि तो सरळ उपडा करायच्या बेतात होती. रेवतीनं तो तिच्या हातातून घेतला आणि म्हणाली, "आई, तू राहू दे. बघ, मी दाखवते."

मंजूषा हात पुसून स्टुलावर बसली.

पाणी जास्त झालं. रेवतीची बोटं चिकटून एकमेकांत अडकली. तिनं पीठ घातलं, तर कणीक कोरडी होऊन फुटायला लागली. पुन्हा पाणी, पुन्हा पीठ. गोळा वाढत चालला. तिनं बाबांना हाक मारली आणि विचारलं, की हे का चिकटतंय? निनाद दारातून बघून म्हणाला, की हे काही आमच्या कारखान्यात येत नाही बुवा, आणि निघून गेला. मग तिनं आबांना हाक मारली. आबा आले. त्यांनी परातीत बघितलं आणि त्यांचे डोळे चमकले. ओठ उघडले. मंजूषानं त्यांच्याकडे पाहिलं. आबांनी ओठ मिटले. "मला आठवत नाही," ते मोठ्या कष्टानं म्हणाले, आणि घरात थांबलो तर तोंडातून उत्तर निघून जाईल या भीतीनं चपला घालून कोपऱ्यावर फिरायला गेले. फिरून येईपर्यंत त्यांनी तीन ओळखीची माणसं गाठली आणि प्रत्येकाला कणीक का चिकटते ते सांगितलं.

इकडे रेवती एकटी पडली. प्रश्न होता, पण उत्तर देणारं कुणी नव्हतं. ती थोडा वेळ परातीकडे नुसती बघत बसली. मग तिनं थोडीशी कणीक वेगळी काढली, तिला तेलाचं बोट लावलं आणि तळव्याच्या मनगटाकडच्या भागानं दाबून पाहिलं. चिकटली नाही. पुन्हा दाबली, घडी घातली, दाबली. एका जागी बोट रोवून बघितलं, तर खळगा हळूहळू वर आला. तिनं पुन्हा रोवून बघितलं. मग तिनं आईला हाक न मारता मोठा गोळा पुढ्यात घेतला. नाकाला पीठ लागलं, केस कपाळावर आले, ते तिनं कोपरानं मागे सारले. स्टुलावर बसलेल्या मंजूषाला दोनतीनदा सांगावंसं वाटलं, की वरून नाही, खालून वळव. प्रत्येक वेळी तिनं जीभ चावली. मुलीला काम न सांगणं सोपं होतं. पण ती काम करत असताना तिला काही न सांगणं किती अवघड आहे, हे तिला त्या दिवशी कळलं.

कणीक झाली, ती अख्ख्या बिल्डिंगला पुरेल एवढी. रेवती मागे सरकून बसली, आपल्या हातांकडे बघितलं, कोपरापर्यंत माखलेले. मग तिनं आईच्या हातांकडे बघितलं. मांडीवर ठेवलेले, स्वच्छ, कोरडे.



"आई," ती म्हणाली, "तू हे कधीपासून करून राहिलीस?"

"आजच शिकले," मंजूषा म्हणाली. "माझ्या बाई फार चांगल्या आहेत."

रेवतीनं ओठ घट्ट दाबून धरले, पण हसू नाकातून फुटलं. मग मंजूषालाही आवरेना. निनाद काय झालं बघायला आला, तर दोघी परातीच्या दोन बाजूंना बसून हसत होत्या.

त्या दिवशी पोळ्या लाटायला मंजूषानं मदत केली, न बोलता. रेवतीच्या पहिल्या पोळ्यांना कोपरे होते, पण एक चक्क फुगली. ती फुगलेली पोळी तिनं कुणाला खाऊ दिली नाही. आधी सगळ्यांना दाखवली, मग स्वतः खाल्ली. उरलेली कणीक डब्यात घालून शेजारच्या घरी गेली, आणि तिथूनही थोडी पुढे गेली.

जेवताना आबांवरचं बंधन उठलं. त्यांनी हात न धुताच सुरुवात केली, की तुला सांगतो, पोळी का फुगते, तर आतल्या पाण्याची वाफ—

"आबा, थांबा," रेवती म्हणाली. "सांगू नका. मला आधी करून बघू दे. मग मी तुम्हाला विचारीन."

आबा थांबले. क्षणभर ते हिरमुसले होते की खूश होते, हे त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. पण सकाळपासून साठलेलं सगळं तोंडाशी आलं होतं आणि ते कुठंतरी जायलाच हवं होतं. जेवणं झाल्यावर ते मुलाबरोबर स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर तूप आणि कणीक लागलेली भांडी पडली होती. साबणानं तूप का निघतं आणि नुसत्या पाण्यानं का निघत नाही, हे तुला ठाऊक आहे का रे, असं त्यांनी विचारलं. निनाद म्हणाला, नीटसं नाही.

मग तवा घे आधी, आबा म्हणाले. त्याच्याशिवाय कळायचं नाही.

ते स्टूल ओढून बसले आणि सांगायला लागले. चांगलं सविस्तर सांगितलं. मध्ये एकदा निनादनं मागे वळून बघितलं, तर आबांनी त्याला कढई पुढे केली.